न दिसलेल्या मुली

वर्गात एखादी मुलगी असते. ती कोणास त्रास देत नाही, धडा चुकवीत नाही, मैत्रिणी हसल्या की हसते. मात्र मधल्या सुट्टीची घंटा वाजताच कानांवर हात ठेवते, आणि घरी पोचल्यावर दमून कोपऱ्यात निजते. केव्हा हसावे, केव्हा गप्प राहावे, हे तिने कविता पाठ करावी तसे पाठ केलेले असते. 'शहाणी मुलगी!' असे सारे म्हणतात. तिचे श्रम कोणास दिसत नाहीत.

माणसांचे बोलणे, आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा अनुभव काही जणांना जन्मतःच निराळा येतो. मेंदूच्या या निराळ्या घडणीस स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन केले. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. पुढल्या वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी चौघांची हकीकत सविस्तर लिहिली. ते चारही मुलगेच होते. भावाच्या मापाने सदरा बेतावा आणि तो बहिणीस बसला नाही म्हणजे तिच्या अंगास दोष द्यावा, तसे पुढे झाले. मुलींची स्वमग्नता कित्येकदा ओळखलीच गेली नाही.

लंडनच्या डॉक्टर लॉर्ना विंग यांना १९५६ साली कन्या झाली. ती स्वमग्न होती. त्या काळी अशा मुलांना सामावून घेणाऱ्या शाळा दुर्लभ होत्या, पालकांना वाट दाखविणारी पुस्तकेही नव्हती. उलट, आईच्या मायेत उणे पडल्यानेच मूल असे होते, असे काही विद्वान सांगत. किती मातांनी हा बोल मुकाट्याने सोसला असेल!

लॉर्नाबाई हताश झाल्या नाहीत. १९६२ साली त्यांनी इतर पालकांच्या साहाय्याने एक संस्था स्थापिली. तिने पुढे शाळा काढली. १९७१ साली त्यांनी पालकांसाठी पुस्तक लिहिले. ज्यूडिथ गूल्ड या सहकारिणीसह त्यांनी कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी केली आणि स्वमग्नता एकाच साच्याची नसते, तिच्या अनेक छटा असतात, हे दाखवून दिले. शोधूनही जे मिळाले नाही, ते त्यांनी इतरांसाठी निर्माण केले.

२०११ साली गूल्ड यांनी एका सहकारिणीसह मुलींच्या या प्रश्नावर लेख लिहिला. स्वमग्न मुली इतरांचे पाहून तसे वागतात. प्राणी, गोष्टी अशा त्यांच्या आवडीही चारचौघींसारख्या असतात. निराळी असते ती त्या आवडीतील तल्लीनता. म्हणून त्या गर्दीत लपून जातात. त्यांना ओळखावयाचे तर प्रश्न निराळे विचारावे लागतात, आणि पुस्तके व साधने त्यांना विचारून रचावी लागतात.

भारतातील २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. अशा मुलामुलींना इतरांबरोबर शिकता यावे, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याने शाळेचे दार उघडते. पण गोंगाटात तिच्यासाठी शांत कोपरा राखणे, खेळाचे नियम तिला आधी समजावून सांगणे, आणि न हसणाऱ्या मैत्रिणीलाही आपली म्हणणे, हे शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांनाच करावे लागते.