अस्सल आणि नक्कल : जालना स्थानकावरील नव्वद सेकंद

१/९
१९९१ च्या उन्हाळ्यात माझ्या काकांचे वऱ्हाड जालन्याहून परतूरला रेल्वेने गेले. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये जालना स्थानकाचे नव्वद सेकंद आहेत : फलाट, उभी मीटरगेज गाडी आणि डब्याच्या दाराशी फेटा बांधलेले माझे आजोबा. त्यांचे हलते चित्र एवढेच. जिल्ह्यातील रेल्वेवर लघुपट जुळवताना मला ते हवे होते.

२/९
निजाम राजवटीत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. दोन रुळांतील अंतर एक मीटर. १९९० च्या दशकात ते १६७६ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज झाले. जुने रूळ उखडले जात होते, त्याच काळात व्हिडिओ कॅमेरे गावोगावच्या लग्नांत पोहोचत होते. म्हणून मीटरगेजचे साक्षीदार शोधायचे, तर लग्नाच्या कॅसेटही पाहाव्यात.

३/९
घरात कॅसेटवरून उतरवलेली व्हीसीडी होती. चित्र धूसर, चौकोनी ठिपक्यांचे. मी ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरला दिले. सकाळपर्यंत सारे लख्ख झाले. आजीला दाखवले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "फेटा त्यांचाच हाय, पण हे ते न्हाईत."

४/९
आजीचे बरोबर होते. असे सॉफ्टवेअर हरवलेला तपशील शोधत नाही. इतर असंख्य चित्रांवरून शिकलेला संभाव्य तपशील भरते. स्थानकाच्या पाटीवर कोणत्याच लिपीत नसलेल्या रेघा उमटल्या होत्या. त्या मला दिसल्या होत्या. लख्ख चित्राच्या मोहात मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले.

५/९
वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल कागदांना प्रमाण मानले. माझ्या कपाटातही अस्सल कॅसेट होती. मी मात्र नकलेला रंगरंगोटी करीत बसलो होतो.

६/९
पाल पद्धतीच्या चित्रात ५७६ दृश्य रेषा असतात. त्या सेकंदाला ५० वेळा, एकदा विषम आणि एकदा सम, अशा निम्म्या-निम्म्याने नोंदल्या जातात. व्हीसीडीत केवळ ३५२ × २८८ बिंदू मावतात; निम्म्या रेषा आणि निम्मे क्षण गळून पडतात. ते परत मिळवायचे, तर मूळ कॅसेटकडेच जावे लागते.

७/९
व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. एका जुन्या छायाचित्रकारांकडे चालू यंत्र मिळाले. कॅसेटला बुरशी नाही ना ते पाहिले, हेड साफ केले, फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली. थरथरणाऱ्या रेषा स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर मध्ये जोडला. ७२० × ५७६ मध्ये, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात चित्र साठवले : तासाला सुमारे तीस गिगाबाइट. त्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. सारे काम तिच्या प्रतीवर.

८/९
गुंफलेल्या रेषा सोडवून सेकंदाला ५० चौकटी केल्या. कॅमेरा तिवईवर होता, म्हणून स्थिर भागाच्या २५ चौकटींची सरासरी काढली. खरखर प्रत्येक चौकटीत निराळी असते, वस्तू मात्र तीच. त्यामुळे खरखर पाचव्या हिश्शापर्यंत उतरू शकते. पाटीवरचे 'जालना' वाचता आले. आजोबा हलत होते. त्यांचा चेहरा धूसरच राहिला.

९/९
ते धूसर चित्र आजीला दाखवले. आजोबा मान वळवतात, खांद्यावरचा पंचा सावरतात. "असंच करायचे," ती म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितले. लघुपटात तेच ठेवले आहे.

तुमच्या घरी कॅसेट असेल तर यंत्र मिळते आहे तोवर उतरवून घ्या. चित्र अवश्य सुधारा. पण मूळ फाइल जपा आणि काय बदलले ते लिहून ठेवा. उद्याच्या संशोधकाला अस्सल कोणते, हे कळले पाहिजे.