बिघाडातून जन्मलेला फझ-टोन
नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी'चे ध्वनिमुद्रण चालू असताना कन्सोलमधील ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेस गिटारचा स्वर घरघरू लागला. तो तसाच ठेवला गेला, हे धाडसच. १९६१ मध्ये गाणे गाजले; इतरांनाही तो स्वर हवासा वाटला, पण ट्रान्सफॉर्मर एव्हाना पुरता निकामी झाला होता! मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने रेव्हिस हॉब्सच्या साहाय्याने, ध्वनिलहरींची टोके मुद्दाम छाटणारे ट्रान्झिस्टरचे मंडल रचले. गिब्सनने १९६२ मध्ये ते 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. जाहिरात मात्र पितळी वाद्यांच्या नकलेची. गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सनेही 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ही पेटी वापरली ती पितळी वाद्यांची जागा तात्पुरती भरण्यापुरतीच. ती वाद्ये त्या ध्वनिमुद्रणात कधी आलीच नाहीत.