सहा सेलची लावणी

आजीचा फोन आला. "रविवारी लावणी हाय. येणार असशील तर ये. पुढच्या साली वावर आपलं नसंल."

वेल्ह्याच्या अलीकडचं आमचं भातखाचर प्लॉटिंगवाल्याला द्यायचं काकांनी ठरवलं होतं. भोर-वेल्ह्यात आजकाल हे इतकं कॉमन झालंय की घरात कुणी आवाजही चढवला नाही. मी फक्त एक ठरवलं. आजीची शेवटची लावणी नीट शूट करायची.

माझा कॅमेरा सेकंडहँड कॅनन ६०डी, २०१० चं मॉडेल. त्याच्या बुडाला बॅटरी ग्रिप. म्हणजे एकाऐवजी दोन बॅटऱ्या आणि उभ्या फोटोसाठी वेगळं बटण. ओरिजिनल ग्रिप खिशाला झेपेना, म्हणून 'कंपॅटिबल' घेतली. दिसायला सेम टू सेम. शिवाय ग्रिप लावली की लग्नात लोक आपणहून बाजूला होतात, हा बोनस!

स्वारगेटहून एसटी, चेलाडी, मार्गासनी, पुढे धो-धो पाऊस. बांधावर पोचले तेव्हा इरली घेतलेली बायकांची रांग खाचरात उतरलेली. छत्री मानेत अडकवून कॅमेरा ऑन केला. ढिम्म.

"काय गं, मेला का तुझा क्यामेरा?" आजी तरव्याची मूठ सोडवत म्हणाली. "मोबाइलनं काढ की."

मोबाइलनं काढलेही. पण ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देईना आणि बांधावरून आजीचा चेहरा नखाएवढा दिसत होता.

मग गोठ्याच्या पडवीत ऑपरेशन सुरू. ग्रिपचा स्क्रू सैल असला तर कॉन्टॅक्ट तुटतो, म्हणून आधी तो आवळला. सोनेरी पिना कोरड्या रुमालाने पुसल्या. ट्रे काढून पुन्हा बसवला. काही नाही. शेवटी ग्रिपच काढली आणि बॅटरी थेट कॅमेऱ्यात घातली. इथे एक फुकटचा सल्ला: ग्रिप लावताना कॅमेऱ्याचं जे झाकण काढता, ते घरी ड्रॉवरमध्ये टाकू नका. झाकणाशिवाय कॅमेरा चालूच होत नाही. माझं नशीबाने ग्रिपच्याच खाचेत होतं.

तरीही ढिम्म. दुसरी बॅटरी घातली, तीही रिकामी. दोन्ही मागच्या रविवारी फुल चार्ज करून मीच ग्रिपमध्ये घातल्या होत्या आणि आठवडाभर कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता. म्हणजे बॅटरी संपू नये म्हणून घेतलेल्या बाईसाहेबांनीच दोन्ही बॅटऱ्या बसल्या जागी पिऊन टाकल्या होत्या! चार्जर होता. लाईट रात्रीपासून नव्हती.

बॅगेच्या तळाशी ग्रिपबरोबर आलेला प्लॅस्टिकचा दुसरा ट्रे सापडला, सहा पेन्सिल सेलचा. आजवर त्याला मी हसत आले होते. दुकानात पळाले. घड्याळात घालतो तसले साधे सेल घेतले. स्क्रीन उजळला, शटर दाबलं आणि कॅमेरा अर्ध्यात मेला. साधे सेल इतका करंट एका दमात देऊ शकत नाहीत. परत दुकानात.

"काका, अल्कलाइन आहेत का?"

"म्हाग हायेत," म्हणत त्यांनी बिस्किटांच्या मागून दोन पाकिटं काढली. नेमके सहा.

परत आले तर खाचराचा एक कोपराच उरला होता. बर्स्ट मोड बंद, फोटो बघणं बंद, लाइव्ह व्ह्यू तर नाहीच. एकेक फ्रेम मोजून. अडतीस फोटो निघाले आणि बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं तेव्हा आजी शेवटची मूठ रोवत होती.

पुण्यात आल्यावर टेस्ट केली. एक फुल चार्ज बॅटरी रात्रभर ग्रिपमध्ये, कॅमेरा बंद. सकाळी १०० चे ८७. दुसऱ्या रात्री तीच पुन्हा चार्ज करून थेट कॅमेऱ्यात. सकाळी १००. आतल्या सर्किटमधूनच करंट गळत होता. ग्रिप अजून वापरते, पण काम झालं की बॅटऱ्या आधी बाहेर.

अडतीसपैकी एक फोटो मोठा प्रिंट करून गावी नेला. आजी चिखलात गुडघ्यापर्यंत, कमरेवर हात, नजर पार खाचराच्या टोकाला. तिनं तो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"बांध दिसतोय सगळा," म्हणाली. "ह्यो आणखी एक काढून दे. तुझ्या काकाला."