आधी चाकं पूस

प्रिय चिऊ,



काल फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "मामा, आजोबांचं इंजिन गेलं. मोटार जळली." चिऊ, स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेव.

जळलेल्या मोटारीला करपट वास येतो. तुला तो आला नाही ना? मग बारा वर्षं खोक्यात पडलेल्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनाच्या मोटारीपर्यंत बहुतेक वीजच पोचत नसणार. १२ व्होल्टची ही वीज एका रुळावरून चाकात शिरते, मोटारीतून जाते आणि समोरच्या चाकातून दुसऱ्या रुळावर उतरते. चाक रुळाला टेकतं ती जागा मोहरीच्या दाण्याएवढीही नसते. तिथे मळ बसला की गाडी थांबलीच.

इंजिन मऊ फडक्यावर उताणं ठेव. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला दोन वायरी जोड आणि एक डावीकडच्या चाकाला, दुसरी उजवीकडच्या चाकाला टेकव. रबरी कडं असलेलं चाक सोड, त्यातून वीज जात नाही. एका जोडीनं काही झालं नाही तर दुसरी बघ. चाकं फिरली तर मोटार ठणठणीत आहे, दोष रुळात नाहीतर पॉवरपॅकमध्ये. रुळांचे सांधे दाबून बघ. जोडपट्टी सैल झाली की पुढच्या तुकड्यात वीज जात नाही. रूळ पॉलिशपेपरनं मात्र घासू नकोस. ओरखडे पडतात आणि त्यांतच पुन्हा काळं भरतं. सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

चाकं फिरली नाहीत तर कानाचा बड त्याच अल्कोहोलमध्ये बुडवून एकेका चाकावरून फिरव. बड काजळासारखा काळा होईल. तो पांढरा निघेपर्यंत बदलत राहा. चाकामागे धातूची पातळ पट्टी दिसेल, ती चाकाला टेकते का तेही बघ. मग पुन्हा बॅटरी लाव. मोटार नुसतीच गुणगुणली आणि चाकं हलली नाहीत, तर वायर लगेच काढ. आत जुनं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं असतं आणि अडकलेली मोटार सगळ्यात जास्त वीज ओढते. खरी जळते ती अशा वेळी.

हे मी एवढं का सांगतोय? कॉलेजात असताना मी हेच इंजिन आप्पांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, न विचारता उघडलं होतं. कार्बन ब्रशमागची केसाएवढ्या तारेची स्प्रिंग उडाली आणि मोझेकच्या फरशीवर कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोष नुसता चाकांवरच्या मळाचा होता. तशी स्प्रिंग मिळेपर्यंत दोन वर्षं इंजिन कपाटात राहिलं. आप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते मला अजून टोचतं.

कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये आप्पांनी तुला खांद्यावर बसवून नेलं होतं, आठवतं? घरी आल्यावर त्यांनी हेच इंजिन तुझ्या तळहातावर ठेवलं होतं. ते तुझंच आहे.

एवढं सगळं करूनही हललं नाही, तर शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतो. आपण दोघं मिळून उघडू, पांढऱ्या ताटात. तोवर एकही स्क्रू काढू नकोस.

तुझा,
मामा