नकाशावरून उतरलेली नावं

बॉम्बेची मुंबई झाली १९९५ साली, पूनाचं पुणे त्याच्याही आधी. अशा बदलांच्या बातम्या होतात, सभा होतात, पाट्या रंगतात. इथे टिपली आहेत ती गाजावाजा न होता गेलेली नावं.

भीमथडी, गंगथडी. थडी म्हणजे नदीचा काठ, आणि इथली गंगा म्हणजे गोदावरी. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, बारामती त्यात मोडे. आता हे नाव तट्टांपुरतं आणि पुण्यातल्या जत्रेपुरतं उरलंय. इंदापूरकडे तर उजनीच्या पाण्याने थडीच पोटात घेतली.

पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश, दक्षिण सातारा, कुलाबा. महाराष्ट्र झाल्यावर खानदेशाचे जळगाव आणि धुळे झाले, दक्षिण साताऱ्याचं सांगली. कुलाब्याचं रायगड १९८१ साली झालं. माणसं स्वतःला आजही खानदेशी म्हणवतात. जिल्ह्यांच्या यादीत खानदेश नाही.

मोगलाई. निजामाच्या मुलखाला इकडची माणसं हेच म्हणत. प्रवरासंगमाला गोदावरीच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे कायगावात मोगलाई. तिकडचं नाणंही निराळं, हाली. माल न्यायचा तर करोडगिरीला जकात भरायची. १९४८च्या सप्टेंबरात निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. हद्द पुसली गेली ते फार चांगलं झालं. पण करोडगिरी हा शब्द कळणारी माणसंही तिच्याबरोबर संपत आली, याचं वाईट वाटतं.

पिवळा रंग. इंग्रजी नकाशात खालसा मुलूख तांबूस आणि संस्थानं पिवळी असत. दख्खनेत हा पिवळा सांडल्यासारखा विखुरलेला दिसे. एकट्या सांगली संस्थानाचे सहा तालुके: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, शहापूर, तेरदाळ, शिरहट्टी. मार्च १९४८मध्ये संस्थान विलीन झालं. आज मंगळवेढा सोलापुरात आहे, शहापूर बेळगाव शहरात, तेरदाळ बागलकोटात आणि शिरहट्टी गदगात. हे सगळे एकाच राजाची प्रजा होते, हे आता मुद्दाम सांगावं लागतं.

तर्फ, कर्यात, परगणा, महाल. जुन्या महसुली विभागांची ही नावं गेली. मौजे तेवढं खरेदीखतात टिकलं. तर्फ काही गावांच्या नावात अडकून वाचली, पिंपळगाव तर्फे खेड, अशी.

इंची शीट. एका मैलाला एक इंच. उंचीच्या तपकिरी रेषा फुटांत, वस्ती तांबडी, पाणी निळं. मेट्रिक मापं आली आणि एकास पन्नास हजारचे नकाशे त्यांच्या जागी बसले. जुनी शीटं जपायलाच हवीत, कारण धरणाखाली गेलेली गावं त्यांवर अजून जागच्या जागी आहेत. उजनीखाली गेलेलं पळसदेव त्यांवर भीमेच्या काठी आहे आणि भीमा नदीएवढीच आहे.

या सगळ्या मोजणीचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन १८०२ साली मद्रासहून निघाला आणि १८२३ साली हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथेच आहे.

टिपण. मोजणीदाराने शेताचं काढलेलं चित्र. मधोमध सरळ रेघ, दोन्ही बाजूंना बांधापर्यंतची अंतरं, साखळीत आणि आण्यांत. साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. गुंठा आपण रोज बोलतो. साखळी-आणे वाचता येणारा माणूस मात्र शोधावा लागतो. टिपणांचे कागद घडीवर तुटत चाललेत.

शेवटची आणि सगळ्यात वेगाने जाणारी नावं शेतांची. चिंचेचं, मळईचं, विहिरीखालचं, वाण्याची पट्टी. एकत्रीकरण झालं, गट नंबर पडले, आणि घरातसुद्धा माणसं 'दोनशे चाळीसमध्ये पाणी सोडलंय' असं बोलू लागली. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना छापलेला असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा असतो. राज्याच्या नावासाठी माणसं रस्त्यावर येतात. या रकान्यात काय होतं, हे आजीला विचारायलाही कुणी बसत नाही.