दादाची सुट्टी



ख्रिस्तसभा 'सागर रविवार' पाळते. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी बोटीवर काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना केली जाते. १९२० साली ग्लासगो शहरात काही कॅथलिक मंडळींनी खलाशांसाठी सेवाकार्य सुरू केलं. तेच आज 'स्टेला मारिस', म्हणजे समुद्रतारा, या नावानं देशोदेशीच्या बंदरांत चालतं. आपल्या बेळगाव-खानापूरकडे समुद्र नाही, पण गोवा शेजारी आहे. त्यामुळे बोटीवर गेलेला एखादा मुलगा, दीर किंवा जावई आपल्या ओळखीच्या बऱ्याच घरांत सापडतो. माझा थोरला भाऊ त्यांतलाच. आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे. त्याची परवानगी घेतली आहे. "नाव तेवढं घालू नकोस," एवढीच त्याची अट.

दादा चोवीस वर्षं प्रवासी बोटींवर केबिन स्टुअर्ड होता. एकेक कॉन्ट्रॅक्ट आठ-नऊ महिन्यांचं. सकाळी अठरा-एकोणीस खोल्या साफ करायच्या, पलंग लावायचे, न्हाणीघरं पुसायची. संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की पुन्हा सगळ्या खोल्यांतून फिरायचं. टॉवेलाचा हत्ती नाहीतर हंस करून पलंगावर ठेवायचा. रविवारची सुट्टी हा प्रकारच नाही. २००९ मध्ये आमचे बाबा गेले तेव्हा त्याची बोट दोन दिवस भर समुद्रात होती. बंदर लागल्यावर फोन कार्डावरून तो वहिनीशी बोलला. तोवर इकडे माती देऊन झाली होती. त्या संध्याकाळीही त्यानं सगळ्या खोल्या लावल्या. हे त्यानं आम्हाला खूप वर्षांनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता.

चार वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यामुळे त्यानं नोकरी सोडली. पण तो स्वस्थ बसला नाही. चर्चच्या खुर्च्या लावणं, फेस्ताची पताका बांधणं, शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर उचलून देणं चालूच. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती काही त्याला जमेना.

त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमेरिकेत नोकरी करतो. त्यानं तीन वर्षं पैसे साठवले आणि २०२५ च्या मे महिन्यात आम्हा सगळ्यांना कॅरिबियन समुद्रात सात रात्रींच्या क्रूझवर नेलं. दादा-वहिनी, आम्ही नवरा-बायको, माझी मुलगी, भाचा आणि त्याची बायको असे सात जण. व्हिसासाठी दादानं जुने पासपोर्ट काढले. त्यांत सगळे शिक्के बोटीवरच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या व्हिसाचे होते. या वेळी पहिल्यांदाच त्याच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून शिक्का बसला.

शनिवारी, ३ मेला, मायामीहून बोट सुटली. सोळा मजल्यांची ती बोट पाहून माझी मुलगी हरखून गेली. वर पोहण्याचे तलाव, नाटकगृह, रात्री बारालाही पिझ्झा. दादा मात्र आमच्या मजल्यावरच्या भिंतीतल्या एका साध्या दाराकडे बघत होता. "इथनं खाली जायचा जिना आहे," तो म्हणाला. "पाण्याच्या पातळीखाली आमच्या खोल्या. एका खोलीत दोघं. खिडकी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आई-वडिलांना न्याहारीला बोलवायला गेला, तर दादानं दोन्ही पलंग लावून ठेवलेले. चादरीला एक सुरकुती नाही. न्हाणीघर पुसलेलं, टॉवेल घडी करून ठेवलेले. भाचा काही बोलला नाही. जेवणाच्या टेबलावर वेटर आला की दादा उठून त्याच्या हातातल्या ताटल्या घ्यायचा. दोन दिवस असे गेल्यावर भाचा एकदम म्हणाला, "पप्पा, मी हे पैसे तुम्ही पलंग लावावेत म्हणून साठवले नव्हते." टेबलावर सगळे गप्प झाले. दादा उठून बाहेर डेकवर गेला. वहिनी रडू लागल्या. एवढ्या लांब येऊन बाप-लेकात अबोला पडला.

मध्ये रविवार झाला होता. योगायोगानं आमच्या बोटीवर एक वयस्क फादर होते. सकाळी एका हॉलमध्ये मिस्सा झाली. तो पुनरुत्थान काळाचा तिसरा रविवार होता. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला प्रभूघरी गेले होते, त्यामुळे मिस्साच्या प्रार्थनेत पोपच्या नावाची जागा रिकामी होती. शुभवर्तमान होतं योहानचा एकविसावा अध्याय. शिष्य रात्रभर जाळं टाकून दमले आहेत, हाती काही नाही. पहाटे किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभू उभा आहे. त्यानं निखारे पेटवलेत, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. मृत्यूवर विजय मिळवलेला प्रभू दमलेल्या कामगारांसाठी स्वयंपाक करतो. हा उतारा मी मुलांना कितीदा तरी शिकवला असेल. पण पायाखाली समुद्र असताना तो वेगळा ऐकू येतो.

मिस्सा संपल्यावर फादर दादाला म्हणाले, की कर्मचाऱ्यांची मिस्सा रात्री अकरानंतर आहे, कारण त्याआधी कोणाचंच काम संपत नाही. दादाला हे माहीतच होतं. ज्या बोटीवर फादर नसत तिथे गोव्याचे आणि फिलिपिन्सचे मिळून पाच-सहा जण खालच्या मेसमध्ये रोझरी म्हणत, असं त्यानं माझ्या मुलीला सांगितलं. त्या रात्री अकराला तो वरच्या डेकवर एकटाच रोझरी म्हणत बसला होता. खाली मिस्सा चालू होती म्हणून.

मंगळवारी जमैकात फाल्मथ बंदराला बोट लागली. गाव लहान आहे, चालत फिरता येतं. एकेकाळी इथून साखर जहाजं भरभरून इंग्लंडला जायची, आणि ती पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं राबायची. त्यांच्या रविवारबद्दल मी आधी वाचलं होतं. आठवडाभर मालकाच्या उसात राबल्यावर रविवारी त्यांनी डोंगरउतारावरच्या तुकड्यात स्वतःच्या पोटासाठी पिकवायचं आणि उरलेलं बाजारात विकायचं. म्हणजे विसाव्याचा दिवसही कामात जायचा. याच गावात विल्यम निब नावाचे बाप्टिस्ट मिशनरी होते. ते गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडले. ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री, पूर्ण मुक्तीच्या क्षणी, त्यांच्या मंडळीतल्या लोकांनी बेड्या, गळ्यातलं लोखंडी कडं आणि चाबूक एका शवपेटीत घालून पुरले.

मी हे सांगत असताना मुलगी म्हणाली, "मामा, तुम्हालाही रविवार नव्हता ना?" दादा लगेच म्हणाला, "आमची आणि त्यांची तुलना करू नको. मी सही करून गेलो होतो, पगार घेत होतो. त्याच पगारावर घर बांधलं." मग थोडं थांबून म्हणाला, "पण रविवार नव्हता, हे खरं."

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिसरी आज्ञा शिकवताना आपण मिस्साला जाण्यावर भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात त्या आज्ञेचं कारणही दिलं आहे. तुझा दास आणि तुझी दासी यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. देव विसाव्याचा विचार करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आधी राबणारा माणूस असतो. आज २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे बोटीवरच्या माणसाला चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तेवढं ठरायलाही किती वर्षं जावी लागली! आणि आठवड्याचे बाकीचे ९१ तास कामात गेले तरी ते त्या हिशेबात बसतं.

गुरुवारी, ८ मेला, बोट मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला होती. बाकीचे किनाऱ्यावर गेले. दादाची पाठ धरली होती, म्हणून मी त्याच्याबरोबर थांबले. अकराच्या सुमारास खोलीतल्या टीव्हीवर सिस्टीन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघताना दिसला. त्याच वेळी दार वाजलं. खोली लावायला फिलिपिन्सचा स्टुअर्ड आला होता, तिशीचा असेल. टीव्हीकडे लक्ष जाताच त्यानं क्रुसाची खूण केली. हातात उशीचा अभ्रा तसाच. दादानं त्याला खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. प्रवाशांच्या खोलीत बसायचं नसतं, हे दादाला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. मग दादाही उठून उभा राहिला. दोघे थोडा वेळ शेजारी शेजारी उभे राहून घंटा ऐकत होते.

त्या दिवशीही पलंग लावून झाला होता. तो मुलगा पलंगाकडे बघून नम्रपणे दादाला म्हणाला, "सर, तुम्ही रोज माझं काम करता. तुम्ही बोटीवर होतात हे मला पहिल्या दिवशीच कळलं. चादरीचा कोपरा बघूनच. पण मला तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे, आणि तुम्ही काहीच शिल्लक ठेवत नाही."

दादा पलंगाकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतः लावलेली चादर ओढून काढली, बाजूच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लाव बाबा." त्या मुलानं पलंग लावला. दादा नुसता बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. किती वर्षं त्यानं दुसऱ्यांसाठी हे केलं होतं, पण तो बसलेला असताना त्याच्यासाठी कोणी हे करताना त्यानं पाहिलं नव्हतं.

मला पवित्र गुरुवारची आठवण झाली. प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्रानं पाय मागे घेतले. आपण म्हणतो, पेत्र नम्र होता. पण प्रभूनं त्याची ती नम्रता मान्य केली नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं. ज्यानं आयुष्यभर दिलं त्याला घेणं कठीण जातं. घ्यायचं म्हणजे आपल्यालाही गरज आहे हे मान्य करावं लागतं. पेत्रानं आधी पाय पुढे केले आणि मग तो मेंढरं चारायला गेला. कृपा ही अशीच मिळते. आपण ती कमावत नाही. फक्त हात पुढे करायचा असतो.

संध्याकाळी भाचा परत आला. दादानं त्याला जवळ बसवून विचारलं, "उद्या न्याहारीला कुठं न्यायचा विचार आहे? मी येतो. उठणार नाही टेबलावरून." भाचा हसला आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला.

शनिवारी, १० मेला, आम्ही उतरलो. त्याच दिवशी नव्या पोपमहोदयांनी कार्डिनलांना आपण लिओ हे नाव का घेतलं ते सांगितलं. तेराव्या लिओंनी १८९१ च्या 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकात कामगारांचा प्रश्न मांडला होता. त्यात योग्य मजुरीबरोबर रविवारच्या विसाव्याचाही हक्क सांगितलेला आहे. दादानं ते विमानतळावर मोबाईलवर वाचलं आणि मला दाखवलं.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी फार थोडे जण क्रूझवर जातील. पण हॉटेलात, लॉजवर, हॉस्पिटलात, लग्नाच्या हॉलवर आपली सेवा कोणीतरी करतंच. त्या माणसाचं नाव विचारा. अभिप्रायाचा कागद मिळाला तर ते नाव त्यावर लिहा. दादा सांगतो की त्या एका ओळीनं बोटीवरच्या माणसाचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट सोपं होतं. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईला आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टी आहे का, हेही पाहा. आणि आपल्या धर्मग्रामात ज्या घरचा माणूस बोटीवर आहे, त्या घरी सागर रविवारी मिस्सानंतर पाच मिनिटं जाऊन या. वहिनींनी चोवीस वर्षांत अशा भेटींची वाट फार वेळा पाहिली आहे.

आणि तुमच्याच घरात दादासारखा कोणी असेल, तर एक दिवस त्याला खुर्चीत बसवा आणि त्याचा पलंग तुम्ही लावा.

हे समुद्रतारा मरिये, दूर पाण्यावर काम करणाऱ्या आमच्या माणसांना सुखरूप घरी आण, आणि घरी आल्यावर त्यांना विसावा घ्यायला शिकव. आमेन.