पंधरा वाक्यें

माझ्या मेजाच्या खणांत घडी पडून मऊ झालेला एक कागद आहे. त्यावर माझ्या अक्षरांत पंधरा इंग्रजी वाक्यें देवनागरींत लिहिलेलीं असून प्रत्येकाखालीं तांबड्या शाईनें मराठी अर्थ दिलेला आहे. परवां तो मीं पुन्हां वाचला. दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका दाखविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्याच हातची चूक दाखविणारा कागद सहसा फेकवत नाहीं.

बत्तीस वर्षें मीं पुण्यांतील एका शाळेंत इंग्रजी शिकविलें. घरांत मात्र तें कोणाला शिकविण्याचा प्रसंग आला नाहीं. मुलगी आपोआप शिकली, आणि सौभाग्यवतीला त्याची गरजच मीं पडूं दिली नाहीं. बँकेंतला साहेब असो, दूरध्वनीवरचा इंग्रजी आवाज असो, कोणाशींही बोलावयाचें तें मीच बोलत असें. यालाच मी संसारांतील श्रमविभाग समजत होतों.

गेल्या वर्षीं लंडनला मुलीचें बाळंतपण आलें. आम्हीं दोघांनींही जावयाचें ठरविलें होतें. पण ऐन वेळीं माझ्या एका डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया निघाली, आणि कांहीं आठवडे विमानांत बसण्यास डॉक्टरांनीं मनाई केली. जिनें मुंबईचा प्रवाससुद्धां कधीं एकटीनें केला नव्हता, तिला आतां सातासमुद्रांपलीकडे एकटीनें जाणें भाग होतें. डिंकाचे लाडू आणि अळीव यांची तयारी तिनें केली. इंग्रजीची तयारी माझ्याकडे आली.

विमानतळावर लागणारें इंग्रजी तसें फार थोडें असतें. पासपोर्ट मागतात, कोठें जाणार तें विचारतात, किती बॅगा द्यावयाच्या हें विचारून त्या कांट्यावर ठेवावयास सांगतात, पॉवर बँक त्या बॅगेंत नाहीं ना याची खात्री करून घेतात, आणि खिडकीजवळची जागा हवी कीं वाटेकडची, असें पुसतात. अखेर हातांत एक पट्टी देऊन तिच्यावरील दरवाजाचा क्रमांक आणि वेळ बोटानें दाखवितात. या सर्वाला पंधरा वाक्यें पुरतात, असा हिशेब करून मीं प्रश्न आणि उत्तरें लिहून काढलीं.

पण विद्यार्थिनी मला वाटली होती तितकी सोपी निघाली नाहीं. पहिली अडचण 'प्लीज'ची. "प्रत्येक वेळीं तें शेपूट कशाला?" तिनें विचारलें. "मी 'द्या' म्हणतें, 'दे' थोडीच म्हणतें?" मीं विचार केला, आणि तिचें म्हणणें मला पटलें. आपला आदर क्रियापदाच्या पोटांत असतो. इंग्रजीला थोरामोठ्यांसाठीं आणि पोराटोरांसाठीं एकच 'यू', त्यामुळें आदर बाहेरून लावावा लागतो. इतक्या वर्षांत हें मीं वर्गांत एकदांही सांगितलें नव्हतें.

दुसरी अडचण वाटेकडच्या जागेची. 'आईल सीट, प्लीज' हें मीं दहा वेळां घोकून घेतलें. त्या शब्दांत एस् लिहितात पण उच्चारीत नाहींत, हें ऐकून ती म्हणाली, "मग लिहितात कशाला?" मीं सांगितलें कीं त्या एस् ला तेथें मुळांत जागा नव्हती, बेट या अर्थाच्या दुसऱ्या एका शब्दाशीं गल्लत होऊन तो आंत शिरला आहे. "म्हणजे तिकीट न काढतां बसला, आणि कोणी उठवलं नाहीं," ती म्हणाली.

'बोर्डिंग पास' ऐकून तर ती हंसूंच लागली. ती कोल्हापूरची. शाहू महाराजांनीं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना उत्तेजन दिलें त्या गांवांत 'बोर्डिंग' म्हणजे गरीब मुलांच्या राहण्याजेवण्याची जागा. तिचे आजोबा तशाच एका बोर्डिंगांत राहून शिकले होते. बोर्ड म्हणजे फळी, फळीचें मेज झालें आणि मेजावरचें जेवण झालें. उलट जहाजाच्या बाजूलाही बोर्ड म्हणूं लागले, म्हणून जहाजावर चढणें तें बोर्डिंग, हें सारें मीं समजावून सांगितलें. "तर मग आजोबांचाच शब्द आहे," असें म्हणून तिनें तो लगेच पाठ केला.

निघण्याच्या दिवशीं मुंबईच्या विमानतळाच्या दारापर्यंत मी गेलों. तिकिटावांचून आंत सोडीत नाहींत. म्हणून कांचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलों. कागद तिच्या मुठींत होता. तासाभरानें तिचा फोन आला. काउंटरवरची मुलगी मराठीच होती! "काकू, बॅग वर ठेवा. आंत सुकं खोबरं नाहीं ना?" असें तिनें विचारलें. खोबऱ्यांतील तेल पेट घेऊं शकतें, म्हणून हल्लीं तें विमानांतून नेऊं देत नाहींत. "लाडवांत आहे तेवढंच," असें ही म्हणाली, आणि दोघी हंसल्या. माझीं पंधरा वाक्यें न उघडतां लंडनला पोंचलीं.

तीं उघडलीं परतीच्या वेळीं, हीथ्रो विमानतळावर. मुलगी बाळाला घेऊन घरींच होती. जांवई पोंचवावयास आले होते आणि रांगेच्या दोरीबाहेर उभे होते. बॅग आदल्या रात्रीं मुलीनें भरली होती. शिवाय जांवयांच्या एका ओळखीच्या गृहस्थानें पुण्यांतील आपल्या आईसाठीं एक चिकटपट्टी लावलेला खोका दिला होता. काउंटरवरच्या बाईनें विचारलें, "डिड यू पॅक धिस बॅग युवरसेल्फ?" माझ्या कागदावरील अकरावें वाक्य! उत्तर दिलेलें होतें: "यस्, आय डिड." बारावें वाक्य, कोणीं कांहीं न्यावयास दिलें आहे काय, उत्तर: "नो, नथिंग."

तिनें बाईला सावकाश बोलावयास सांगितलें, दोन्ही प्रश्न पुन्हां ऐकून घेतले, आणि म्हणाली, "नो. डॉटर पॅक्ड. यस्, वन बॉक्स. इन्साइड, आय नॉट सी." बॅग बाजूला घेतली गेली, खोका फोडला गेला. आंत रक्तदाब मोजण्याचें यंत्र आणि चॉकलेटें निघालीं. या सर्वांत पाऊण तास गेला. जांवयांनीं मला फोन केला. "बाबा, आईंनीं सरळ 'यस्' म्हटलं असतं तर..." मलाही राग आला. मीं तिला फोन द्यावयास सांगून विचारलें, "अगं, उत्तर लिहून दिलं होतं ना?"

"होतं," ती म्हणाली, "पण तें खोटं होतं."

तो प्रश्न कां विचारतात, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. २२ जून १९८५ रोजीं कॅनडांतील व्हँकूव्हरच्या विमानतळावर एम्. सिंग असें नांव सांगणारा एक प्रवासी आला. टोरोंटोपुढची त्याची जागा निश्चित नव्हती. म्हणून त्याची बॅग थेट पुढच्या विमानासाठीं घेतां येत नव्हती. त्यानें हुज्जत घातली, मागें रांग खोळंबली, आणि काउंटरवरील बाईनें अखेर बॅग घेतली. बॅग गेली, तो मनुष्य मात्र विमानांत चढलाच नाहीं. दुसऱ्या दिवशीं एअर इंडियाचें 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापाशीं आकाशांत फुटलें. त्यांतील ३२९ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, एप्रिल १९८६ मध्यें, याच हीथ्रोवर इस्रायलकडे निघालेल्या एका गर्भवती आयरिश तरुणीच्या बॅगेच्या तळाशीं स्फोटक द्रव्यें सांपडलीं. बॅग तिच्या भावी पतीनें दिली होती. आंत काय आहे याची तिला कल्पनाही नव्हती. ज्याच्यामागें इतकीं माणसें उभीं आहेत, त्या प्रश्नाला मीं तयार उत्तर लिहून दिलें होतें!

आणि तें कां दिलें, याचा विचार करतांना मला माझा वर्ग आठवला. जन्मांत डोंगर न पाहिलेल्या मुलांकडून थंड हवेच्या ठिकाणची सहल मीं इंग्रजींत लिहवून घेतली आहे. ज्यांच्या आजीला जाऊन वर्षें झालीं, त्यांनीं आजी सांगत असलेल्या गोष्टींवर दहा ओळी पाठ केल्या आणि गुण मिळविले. मराठींत खोटें बोललेल्या मुलाला मीं छडी मारली. इंग्रजींत खोटें लिहिणाऱ्याला शाबासकी दिली. ती भाषा परीक्षेंत आणि काउंटरवर सुटका करून घेण्यासाठीं असते, खरें बोलण्यासाठीं असते असें मीं कोणाला शिकविलेंच नाहीं. कारण मला स्वतःलाही तें कधीं सुचलें नव्हतें. माझ्या व्याकरणशुद्ध वाक्यांना जें साधलें नसतें, तें तिच्या चार मोडक्या वाक्यांनीं साधलें.

येत्या हिंवाळ्यांत ती पुन्हां नातवाकडे जाणार आहे. माझा डोळा आतां बरा आहे; पण एकटीच जाईन, असें तिनें सांगितलें. मीं भीतभीत विचारलें, "नवा कागद करून देऊं कां?"

ती भाजी निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "प्रश्न तेवढे लिहून द्या. उत्तरं माझीं मी देईन."